विझलेल्या ताऱ्याचा लेखी खुलासा

पक्षाचं महाअधिवेशन चार महिन्यांवर आलं होतं आणि सोव्हिएत आर्मेनियातल्या त्या जिल्ह्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. द्राक्षांचे मळे होते, पण त्या वर्षी मॉस्कोहून दारूविरोधी मोहिमेचं फर्मान सुटलेलं, त्यामुळे द्राक्षाचं नाव काढायचीही चोरी. गुरं होती, पण त्यांचे आकडे गेल्याच वर्षी फुगवून झाले होते. आणखी फुगवले असते तर आरागाट्स डोंगराच्या उतारावर माणसाला उभं राहायला जागा उरली नसती. अशा वेळी जिल्हा सचिव घुकास मानुचार्यान यांच्या कानावर आलं, की वरच्या वेधशाळेत एक नवा तारा पेटलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची काळी गाडी चढ चढून वर आली.

तारा सापडला होता मेल्सला. मेल्स म्हणजे दुर्बिणीवर रात्रपाळी करणारा निरीक्षक. मार्क्स, एंगल्स, लेनिन, स्टालिन यांची पहिली अक्षरं जुळवून बापाने हौसेने नाव ठेवलं, आणि पुढे स्टालिनचं नाव घेणं अंगाशी येऊ लागलं तेव्हा आईने शेवटचं अक्षर गुपचूप काढून टाकलं. तेव्हापासून तो दप्तरी मेल आणि घरी मेल्स. या मेल्सने ऑक्टोबरातल्या एका रात्री वृषभेतल्या काळ्या ढगाचा फोटो काढला, तर ढगाच्या कडेला जिथे एरवी कष्टाने दिसणारा ठिपका असायचा, तिथे शंभरपट तेजस्वी तारा बसलेला.

"तारा कुठला? बाळ आहे ते," संचालक ह्मायाक तोरोस्यान सचिवांना सांगत होते. समोर चहाची किटली होती आणि तिच्यात कोन्याक ब्रँडी होती. त्या वर्षी साऱ्या आर्मेनियात किटल्यांना बरे दिवस आले होते. "लाखभर वर्षांचं असेल नसेल. अजून अंगावरची नाळही पडली नाही."

"आपल्या जिल्ह्यात जन्मलंय?" सचिवांनी विचारलं.

"आपल्या जिल्ह्यातून दिसलंय."

"एकच झालं," सचिव म्हणाले आणि त्यांनी पेला उचलला.

त्याच संध्याकाळी राजधानीला, येरेवानला तार गेली: महाअधिवेशनाच्या सन्मानार्थ आमच्या जिल्ह्याने मुदतीपूर्वी नवा तारा प्रज्वलित केला आहे.

हे सगळं वार्दितेर अस्लान्यानला कळलं तेव्हा ती तळघरात काचा पुसत होती. वेधशाळेत आकाशाचे फोटो काचेवर घेत, आणि त्या अठरा हजार काचा बत्तीस वर्षं तिच्या ताब्यात होत्या. अठ्ठावन्नची बाई, सडपातळ, डोक्याला रुमाल, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. नवरा कधीच गेलेला, मुलगी लग्न होऊन ग्युम्रीला. संशोधक मंडळी येत, अमुक तारखेची काच मागत, आणि ती यादी न बघता हात घालून बरोबर तीच काच काढून देई. तिला कोणी शास्त्रज्ञ म्हणत नसे. तीही म्हणवून घेत नसे. पण बत्तीस वर्षं ज्या बाईने रोज आकाश हाताळलंय, तिला आकाशाच्या खोडी कळायच्या राहत नाहीत.

तारेनंतर आठवड्याने सभा भरली. सचिव मधोमध, संचालक उजवीकडे, बाकी कर्मचारी बाकांवर. संचालकांनी ताऱ्याची थोरवी सांगितली आणि कोणाला काही विचारायचंय का म्हणून विचारलं. असं विचारायची पद्धत असते. उत्तर द्यायची नसते. वार्दितेरने हात वर केला.

"असे रूपविकारी बालतारे दोन जातींचे असतात," ती म्हणाली. "एक जात एकदा भडकते ती पन्नास-शंभर वर्षं तशीच तेजस्वी राहते. दुसरी भडकते आणि चार-सहा महिन्यांत पुन्हा विझते. आपला कुठल्या जातीचा, ते जुन्या काचा बघून सांगता येईल. मला पंधरा दिवस द्या."

सचिवांनी संचालकांकडे पाहिलं. "यातली चांगली जात कुठली?"

"पहिली," संचालक म्हणाले.

"मग पहिलीच. यात बघायचंय काय?" सचिव बाकांकडे वळले. "तारा पहिल्या जातीचा आहे, या ठरावाच्या बाजूने कोण?"

सगळे हात वर गेले. मेल्सचाही गेला, त्याने मान मात्र खाली घातली.

"विरुद्ध?"

वार्दितेरने रुमाल नीट केला. हात वर गेला तो तेवढाच, आणि लिहून घेणाऱ्याने तो मोजला नाही.

तरी तिने काचा बघितल्या. बघितल्याशिवाय तिला राहवेना. पंधरा दिवस कशाला, चौथ्याच दिवशी सापडल्या. १९५५च्या हिवाळ्यातली काच: त्याच जागी टपोरा ठिपका. पाच महिन्यांनंतरची: ठिपका गायब. १९७१च्या हिवाळ्यातली काच: पुन्हा टपोरा. पुढल्या वसंतात: पुन्हा गायब. नवा तारा वगैरे काही नाही. याचा रंग तेरड्यासारखा, आणि तोही दर पंधरा-सोळा वर्षांनी उगवणारा.

काचा पुठ्ठ्याच्या पाकिटांत घालून ती संचालकांकडे गेली. तोरोस्याननी भिंगातून चारही काचा पाहिल्या. पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला, कारण माणूस मुळात शास्त्रज्ञ होता. मग त्यांनी उठून खिडकी लावली आणि रेडिओ मोठा केला.

"अधिवेशन कधी आहे, वार्दितेर जान?" तिकडे आपल्या माणसाला जान म्हणतात.

"फेब्रुवारीच्या शेवटी."

"आणि हा विझणार कधी?"

"मागच्या दोन्ही वेळा पाच महिन्यांत विझला. ऑक्टोबर धरला तर फेब्रुवारी-मार्च."

"म्हणजे टिकेलही."

"टिकेलही. नाहीही टिकणार."

संचालकांनी काचा पाकिटांत घातल्या, पाकिटं तिच्या हातात दिली, आणि वरून तिचे हात आपल्या हातांत धरले. "हे बघ, तुला कोणी विचारलंय का? नाही. मला विचारलंय का? नाही. मग ज्या कपाटातून काढल्यास त्यात ठेवून दे. झाकली मूठ. मोठी दुर्बीण मंजूर व्हायचीय, घुमटाचं छप्पर गळतंय. अधिवेशन होऊ दे, मग तू सांगशील ते छापू."

ती तळघरात गेली आणि काचा जागच्या जागी ठेवल्या. घरी आल्यावर लवाशच्या पातळ रोटीत चीज गुंडाळून खायला बसली. आपण खोटं बोललो नाही, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं. खरंही बोललो नाही, हे सांगावं लागलं नाही.

तिकडे ताऱ्याची चढती कमान सुरू झाली. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राने त्याच्यावर अग्रलेख लिहिला. चीजच्या कारखान्याने खोक्यावर तारा छापला. ट्रॅक्टर तुकडीने ताऱ्याच्या तेजाशी स्पर्धा करण्याची शपथ घेतली. स्पर्धा कशी करायची हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. जिल्ह्याला एक नवी बस मिळाली. तिच्यावर "तारा" असं लिहिलेलं होतं आणि ती चढावर बंद पडायची.

डिसेंबरात मेल्सने खास लांब वेळ देऊन एक फोटो काढला. त्यात ताऱ्यातून निघालेला झोत दिसला: बारीक, सरळ, सुईसारखा, आणि त्याच्यावर मण्यांसारख्या गाठी. तारा भडकतो तेव्हा वायू असा पिचकारीसारखा फेकतो, दोन्ही बाजूंना. या फोटोवरून सभागृहासाठी मोठं चित्र काढायचं ठरलं. चित्रकार जिल्ह्याच्या गावचा. त्याने फोटोत होतं तसंच काढलं. सचिव बघायला आले आणि थबकले.

"हा उजवीकडचा झोत एवढा लांब. डावीकडचा कुठाय?"

"डावीकडचा आहे, कॉम्रेड," वार्दितेर म्हणाली. फोटोची काच तिच्याच हातात होती. "पण तो ढगाच्या आत गेलाय. धुळीमुळे दिसत नाही."

"म्हणजे महाअधिवेशनाला मी असा तारा दाखवू, ज्याचं उजवं अंग जोरात आणि डावं धुळीत?"

"निसर्गात..."

"निसर्गाशी मी बोलत नाहीये, चित्रकाराशी बोलतोय." चित्रकाराकडे बोट करून ते म्हणाले, "डावा लांब कर. उजव्यापेक्षा वीतभर जास्तच."

चित्रकाराने वीतभर जास्त केला. ते चित्र छान दिसत होतं, हे मात्र खरं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मेल्स तळघराच्या दारात येऊन उभा राहिला. रात्रभर जागल्याने डोळे लाल, हातात ओली काच.

"वार्दितेर जान, बसतोय तो."

"किती?"

"दोन प्रती. तेज सहापट उतरलंय, आठ दिवसांत."

तिने भिंगातून पाहिलं. टपोरा ठिपका बारीक झाला होता. महिनाअखेरीस तो एवढा झाला, की काचेवर धुळीचा कण पडलाय की तारा आहे, हे पुसून बघावं लागे.

येरेवानहून पाहुणे पंधरा फेब्रुवारीला तारा बघायला यायचे होते. संचालकांनी ढगांवर भिस्त ठेवली. पण एरवी फेब्रुवारीत आठ-आठ दिवस तोंड न दाखवणारं आकाश त्या दिवशी घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखं लख्ख. पाहुण्यांनी रांगेने दुर्बिणीला डोळा लावला आणि रांगेने "काही दिसत नाही" असं सांगितलं. शेवटी एक जाडगेले उपमंत्री म्हणाले, "तारा कोणी विझवला?"

त्यांनी ते गमतीने विचारलं की मनापासून, हे कोणालाच कळलं नाही, आणि न कळल्यामुळेच चौकशी समिती नेमली गेली.

समिती येण्याआधी जिल्हा सचिवांचा हुकूम आला: वेधशाळेतल्या प्रत्येकाने तारा विझल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा. प्रत्येकाने दिला. मेल्सने लिहिलं, की त्याने नियमाप्रमाणे दुर्बीण रोखली होती आणि ताऱ्याला हात लावलेला नाही. यंत्रदुरुस्तीवाल्याने लिहिलं, की घुमटाला त्याने वेळच्या वेळी वंगण घातलं. स्वयंपाकीणबाईने लिहिलं, की त्या आठवड्यात ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती आणि परत आली तेव्हा तारा विझलेलाच होता.

वार्दितेर तीन दिवस कोऱ्या कागदासमोर बसली. चौथ्या दिवशी तिला वाटलं, आता विचारलंय ना? लेखी विचारलंय. मग लिहूया. तिने पानभर लिहिलं, साधं, कोणालाही कळेल असं, आणि खाली सही केली. संचालकांना दाखवलं नाही.

समिती सकाळी अकराला ग्रंथालयात बसली. अध्यक्ष होत्या येरेवानच्या कॉम्रेड शुशानिक पिरूम्यान: पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, हातात सतत टोक केलेली पेन्सिल. शेजारी सचिव मानुचार्यान. पहिला तास तोरोस्यानना घाम फोडण्यात गेला.

"एक सांगायचं राहिलं," तोरोस्यान बुडत्याने काडीला धरावं तसं म्हणाले. "तारा इतका लांब आहे, की त्याचा उजेड इथे यायला साडेचारशे वर्षं लागतात. म्हणजे आज आपल्याला तो विझताना दिसला, तरी खरा विझला साडेचारशे वर्षांपूर्वी."

पिरूम्यानबाईंची पेन्सिल थांबली. "तेव्हा इथे राज्य कोणाचं होतं?"

"अर्धं इराणच्या शहाचं, अर्धं तुर्कांच्या सुलतानाचं."

"म्हणजे तारा सरंजामशाहीच्या काळात विझला."

"अगदी!"

"हे चांगलं आहे," असं म्हणून बाईंनी ते लिहून घेतलं. लिहितालिहिता त्यांनी मान वर केली. "पण मग पेटलाही सरंजामशाहीतच?"

सगळ्यांच्या नजरा सचिवांकडे वळल्या. तार सचिवांच्या सहीने गेली होती.

"ते नंतर बघू," बाई म्हणाल्या. "खुलासे वाचून घेते."

मेल्सचा वाचला, वंगणाचा वाचला, बाळंतपणाचा वाचला. मग वार्दितेरचा कागद हातात आला. बाई वाचू लागल्या:

"हा प्रथम ढगात दडलेला असतो, तेव्हा त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. त्याच्याभोवती चहूकडून माल येऊन साठतो. खरं तर तो माल त्याने वर्षानुवर्षं थोडाथोडा घ्यायचा. पण माल वाटेत अडून राहतो, ढीग होतो, आणि मग एकदम कोसळतो. तेव्हा पुष्कळ वर्षांचं हा चार महिन्यांत गिळतो. त्यामुळे तोंडावर तेज येतं, आणि लांबून बघणाऱ्यांना वाटतं, काहीतरी थोर घडलं."

सचिवांनी खुर्चीत बूड हलवलं. बाकावरच्या कोणाला तरी खोकला आला.

"गिळलेलं सगळं पचत नाही. काही भाग तो वर आणि खाली फेकतो. तो मोठ्या वेगाने जातो आणि वाटेत येईल त्याला उडवून लावतो. ढीग संपला की हा पुन्हा पहिल्यासारखा मलूल. यात नवं काही नाही. १९५५ साली त्याने हेच केलं होतं आणि १९७१ सालीही हेच. ही सुरुवात नव्हे, ही सवय आहे. याचे पुरावे माझ्याकडे आहेत. अस्लान्यान."

कागद खाली ठेवल्याचा आवाज ऐकू आला. मानुचार्यान उभे राहिले होते. मान, कान, टक्कल, सगळं डाळिंबासारखं झालं होतं.

"एकाहत्तरचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

वार्दितेर उठली. "काचेने, कॉम्रेड."

"कसली काच?"

"फोटोची. कपाटात आहे."

"फोटो? एकाहत्तरचा फोटो? कोणी काढला?"

"साहाकने. रात्रपाळीला असायचा. वारला तो."

"मेलेल्यांच्या साक्षी काढल्यात!" सचिव समितीकडे वळले. "बघा बाई, किती दिवसांचा कट आहे हा! सिमेंट, सिमेंट, सिमेंट! पंधरा वर्षं सगळे माझ्या पाठीमागे सिमेंट कुजबुजतात. अहो, ते आरोग्यधामाचं सिमेंट काय मी एकट्याने खाल्लं? वर फेकलं म्हणते ही! हो, फेकलं! वर कोणाकोणाला पोचलं ते लिहा ना मग! उपमंत्र्यांचं उन्हाळी घर काय भाकरीच्या पिठाचं बांधलंय? मालगाडीच्या चाळीस वाघिणी होत्या, माझ्या वाट्याला सहा आल्या, सहा! आणि पंचावन्न सालचं लोणी, तेव्हा तर मी साधा गोदामातला कारकून होतो!"

सिमेंटबद्दल वार्दितेरने कधी एक शब्द ऐकला नव्हता. ती तळघरातली बाई. लोण्याबद्दल तर खोलीतल्या कोणीच ऐकलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे एका ताऱ्यानेच काम झालं होतं.

"कॉम्रेड," ती घाबरत म्हणाली, "तो कागद ताऱ्याबद्दल आहे."

मानुचार्याननी तिच्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग पिरूम्यानबाईंकडे, ज्या मान खाली घालून भराभर लिहीत होत्या.

"वाघिणी चाळीसच ना?" बाईंनी मवाळ आवाजात विचारलं. "आणि उन्हाळी घर कुठल्या उपमंत्र्यांचं म्हणालात?"

सचिव बसले. किटली पुढे ओढली, पण समितीसमोर ठेवलेल्या किटलीत खरोखरच चहा होता.

समितीच्या अहवालात ताऱ्याबद्दल एकच ओळ आली: तारा त्याच्या जागी आढळला, तेज नियमानुसार. सिमेंटबद्दल एकोणीस पानं आली. मानुचार्यान यांना सचिवपदावरून काढून सेवान सरोवरावर मासळी खात्यात पाठवलं गेलं. उपमंत्र्यांची चौकशी सुरू झाली आणि ती अजून सुरूच आहे, असं सगळे म्हणत. बसवरचं "तारा" पुसलं गेलं. चढावर बंद पडायची सवय गेली नाही.

तोरोस्याननी मात्र वसंतात लेख लिहायला घेतला: वृषभेतल्या बालताऱ्याचे वारंवार होणारे उद्रेक आणि त्याचे झोत. टंकलेखनाला जाण्याआधी तो वार्दितेरच्या हाती लागला. लेखक म्हणून तोरोस्यान, मग मेल्स. शेवटी, आभारांच्या ओळीत, काचा उपलब्ध करून दिल्याबद्दल अस्लान्यान.

ती लेख घेऊन वर गेली. या वेळी खिडकी तिने स्वतः लावली.

"माझं नाव?"

"आहे की, जान. आभारांत."

"आभार कपाटाचे मानतात. तीनही उद्रेक मी जुळवले. अधिवेशनाआधीच काचा दाखवल्या होत्या, तुम्ही परत ठेवायला लावल्यात. मीही ठेवल्या, ती माझी चूक. पण आता मला कोणी विचारलं, की हे कोणी शोधलं, तर मी लिहून देईन. पानभर. साध्या भाषेत."

तोरोस्याननी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर मानुचार्यानचं टक्कल आलं असावं. त्यांनी लेखणी उचलली, तिचं नाव पहिलं लिहिलं, आणि मग त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. "हरामखोर आहेस तू, वार्दितेर. बत्तीस वर्षं कुठे होतीस?"

"तळघरात," ती म्हणाली.

लेख छापून आला. चिली, जपान आणि कुठकुठून पत्रं आली. त्यावर "डॉक्टर अस्लान्यान" असं लिहिलेलं असे. तिने प्रत्येकाला उत्तर दिलं, की मी डॉक्टर नाही, तुम्ही मागितलेल्या काचेचा ठसा काढून सोबत पाठवत आहे.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, दुपारच्या वेळी तळघराच्या पायऱ्यांवर पावलं वाजली. मानुचार्यान. बारीक झाले होते, अंगात खात्याचा निळा कोट, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा.

"घाबरू नका," ते म्हणाले. "भांडायला नाही आलो. एक बघायचंय. ती एकाहत्तरची काच."

वार्दितेरने काच काढली, उजेडाच्या पेटीवर ठेवली, गळ्यातलं भिंग काढून त्यांच्या हातात दिलं आणि बोटाने जागा दाखवली. ते बराच वेळ वाकून राहिले.

"हा? हा काळा ठिपका?"

"काचेवर उजेड काळाच उमटतो."

"एवढासा?"

"एवढासाच."

"या एवढ्याशा डागासाठी मी..." त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "आणि आरोग्यधाम कुठंय यात?"

"त्यात नाही."

"पोरांचं होतं ते," ते काचेकडे बघत म्हणाले. "क्षयाच्या पोरांचं. अजून पाया तसाच उघडा आहे. काल तिथून येताना पाहिला. गवत उगवलंय."

वार्दितेरने पेटीचा दिवा मालवला, काच पाकिटात घातली आणि कॉफीचं भांडं शेगडीवर चढवलं. मानुचार्यान स्टुलावर बसले आणि माशावरचा कागद सोडू लागले.